साखरेची गोळी माझ्याच वाट्याला आली तर?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आसपासच्या आहेत. अडीच वर्षांपूर्वी त्यांना कोविड झाला. दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, आठवड्याभरात ताप उतरला, पण थकवा गेला तो गेलाच नाही (कोविडनंतर अशा रेंगाळणाऱ्या लक्षणांना दीर्घ कोविड म्हणतात). एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून चार कामं उरकली की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. बोलता बोलता शब्द हरवतात, उभं राहिलं की छातीत धडधडतं. तपासण्या केल्या त्या सगळ्या 'नॉर्मल'. आता त्यांच्या डॉक्टरांनी एका औषधचाचणीत भाग घ्याल का असं विचारलं आहे. निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळेल. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. पतीचं म्हणणं, 'प्रयोगाचा उंदीर व्हायची काही गरज नाही.' दरम्यान एका खासगी दवाखान्याने रक्त यंत्रातून गाळून परत देण्याचा उपचार सुचवला आहे. तो महागडा आहे आणि पैसे आगाऊ भरायचे आहेत. बाई लिहितात, 'तिथे निदान उपचार तरी नक्की मिळतो. चाचणीत अर्धी शक्यता साखरेच्या गोळीची. शिवाय कोविडच्या काळात आज प्लाझ्मा, उद्या दुसरंच काही, परवा तेही बाद, असंच चाललं होतं. या संशोधनावर विश्वास तरी कसा ठेवायचा? मी हो म्हणू की नको?'

सप्रेम नमस्कार.

'तिथे निदान उपचार तरी नक्की मिळतो' या तुमच्या वाक्यापाशी मी अडले. ते खोटं नाही. पैसे भरलेत म्हटल्यावर सुई टोचली जाईल, यंत्र फिरेल, पावती मिळेल. पण उपचार मिळणं वेगळं आणि गुण येणं वेगळं. आपल्या बोलण्यात गुण हा औषध 'देत' नाही, तो 'येतो'. आला तर येतो, नाही तर नाही. हे शहाणपण आपल्या क्रियापदात आहे, आजारपणाने टेकीला आलेल्या मनात मात्र ते टिकत नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

तुम्ही मनात मांडलेला हिशेब असा दिसतो: चाचणीत पन्नास टक्के, दवाखान्यात शंभर टक्के. हा हिशेब औषध शरीरात जाण्याचा आहे. गुण येण्याचा हिशेब मांडायला बसलात तर दोन्हीकडे एकच उत्तर मिळेल, ते म्हणजे 'अजून माहीत नाही'. म्हणजे नाणं दोन्हीकडे उडवलं जातंय. एका ठिकाणी ते कसं पडलं हे कुणीतरी वहीत लिहून ठेवतंय, दुसरीकडे ती वहीच नाही.

मी काही वर्षं एका संशोधन नीतिसमितीवर होते. डॉक्टर म्हणून नव्हे. अशा समितीत वैद्यकाबाहेरची माणसंही लागतात, त्यांतली मी एक. माझं मुख्य काम 'हे मला कळलं नाही, सोपं करून लिहा' असं म्हणण्याचं होतं. तिथे प्रत्येक प्रस्तावाला पहिल्यांदा विचारलं जायचं, की हे औषध चालतं का याबद्दल जाणकारांना खरोखरच खात्री नाही का? ते चालतं हे आधीच ठाऊक असेल तर निम्म्या लोकांना त्यापासून दूर ठेवणं अन्याय. चालत नाही हे ठाऊक असेल तर उरलेल्या निम्म्यांना ते देणं अन्याय. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक शंका असेल तरच कोणाला काय द्यायचं याच्या चिठ्ठ्या टाकायला परवानगी. म्हणून 'माझ्या वाट्याला खोटी गोळी आली तर माझं नुकसान' या भीतीत एक गोष्ट आपण गृहीत धरतो, ती म्हणजे खरी गोळी लागू पडणार आहे. तेच तर शोधायचं आहे.

२०२१ साली जर्मनीतल्या एर्लांगनच्या विद्यापीठ रुग्णालयातून एक बातमी आली. कोविडनंतर बेजार झालेल्या एका रुग्णाला बीसी ००७ नावाचं औषध शिरेतून दिलं आणि तो झपाट्याने सुधारला. हे औषध मुळात हृदयाच्या आजारासाठी तयार होत होतं. बातमी जगभर फिरली. किती जणांनी त्या औषधाची वाट बघत दिवस काढले असतील याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल. मग रीतसर चाचणी झाली, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे हुबेहूब तसाच दिसणारा, पण औषध नसलेला उपचार. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला, की प्लासिबोपेक्षा औषध सरस ठरलं नाही. त्या पहिल्या रुग्णाला बरं वाटलं ते खोटं होतं का? मुळीच नाही. पण ते औषधामुळेच वाटलं, की ते तसंही वाटणार होतं, हे एका माणसाकडे बघून कधीच कळत नाही.

तुमच्या आजारात तर हे फारच अवघड आहे, कारण तो सरळ रेषेत चालत नाही. तुमचीच डायरी चाळून बघा. वाईट आठवडा, बरा आठवडा, पुन्हा वाईट. माणूस नवा उपचार कधी सुरू करतो? अगदी खचलेला असतो तेव्हा. आणि तळाशी गेलेली गाडी काही दिवसांनी थोडी तरी वर येतेच. त्या आठवड्यात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय जातं. खासगी दवाखान्यांच्या माहितीपत्रकांतले 'मी पुन्हा उभी राहिले' असे अनुभव बहुतेकदा खरेच असतात, फक्त ज्यांना फरक पडला नाही ते पुन्हा फोन करत नाहीत आणि त्यांचा फोटो कुणी छापत नाही. प्लासिबोची गोळी असते ती एवढ्यासाठी. ती तुम्हाला फसवायला नसते. नुसत्या काळाने, आशेने आणि दर पंधरवड्याला कुणीतरी आपुलकीने चौकशी केल्याने किती बरं वाटतं, हे मोजून बाजूला काढण्यासाठी ती असते. उरलं ते औषधाचं.

आता तुमचा रास्त राग: आज एक सांगतात, उद्या दुसरं. माझंही डोकं तेव्हा भणाणून गेलं होतं. पण आता मागे वळून बघितलं तर एक वेगळीच गोष्ट दिसते. प्लाझ्मा बदनाम झाला तो संशोधनामुळे नाही. तो लोकप्रिय झाला होता संशोधनाच्या आधी, घाईने, बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात ताकद असणार या तर्कावर. तर्क चांगलाच होता. मग भारतात ४६४ रुग्णांवर चाचणी झाली. आजार बळावणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. त्यानंतर ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या प्रचंड चाचणीत साडेअकरा हजारांवर रुग्ण होते, आणि २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं तेच झालं. औषध मिळालेल्यांत २७ टक्के मृत्यू, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २५ टक्के. ज्या गटाला 'काहीच मिळालं नाही' म्हणून आपण हळहळलो असतो, त्यांचं काही गेलं नव्हतं.

आणि याच 'रिकव्हरी' चाचणीने डेक्सामेथासोन दिलं. हे स्टेरॉइड जुनं आणि स्वस्त. साथीच्या सुरुवातीला कोविडच्या रुग्णांना सरसकट स्टेरॉइड देऊ नका असाच सल्ला होता. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतही फायदा दिसला, थोडा कमी. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही, उलट आकडे किंचित वाईट बाजूला झुकलेले (फरक योगायोगानेही येऊ शकेल इतका, पण दिलासा देणारा नक्कीच नाही). म्हणजे एकच गोळी एका खाटेवर जीव वाचवते आणि शेजारच्या खाटेवर काहीच देत नाही. कितीही अनुभवी डॉक्टर असो, हे नुसत्या नजरेने ओळखता आलं नसतं. चिठ्ठ्या टाकून, मोजूनच ते कळलं. सल्ले बदलले म्हणून विश्वास उडाला असं तुम्ही लिहिता. मला मात्र आता भीती वाटते ती न बदलणाऱ्या सल्ल्याची.

यात वाईट संशोधन झालंच नाही असं नाही. २०२० च्या मे महिन्यात एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात जवळपास ९६ हजार रुग्णांच्या नोंदींचा दावा करणारा लेख आला, आणि त्या नोंदी तपासायला कुणी मागितल्या तेव्हा त्या दाखवता येईनात. जूनच्या पहिल्याच आठवड्यात लेख मागे घेतला गेला. त्यामुळे 'संशोधन' या एका शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणणारच नाही. विश्वास ठेवायचा तो रीतीवर. चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंद झाली आहे का, काय मोजणार ते आधी लिहून ठेवलं आहे का, हे बघायचं. तुमच्या डॉक्टरांना चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपी या पोर्टलवर तो टाकून बघा. सापडला नाही, किंवा क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर माझा पुढचा सगळा सल्ला रद्द समजा आणि नाही म्हणा.

तुमच्या यजमानांच्या 'उंदीर' या शब्दाबद्दल. तो शब्द हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा आजार काय आहे हे न सांगता नुसतं न्याहाळत ठेवलं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. असल्या गोष्टी घडल्या म्हणूनच आज समित्या आहेत, संमतिपत्रं आहेत, मधूनच आकडे उघडून बघणारं आणि धोका दिसला तर चाचणी थांबवणारं स्वतंत्र मंडळ आहे. तेव्हा त्यांच्या शंकेला वेड्यात काढू नका. त्यांना एवढंच सांगा, की उंदराकडे कुणी सही मागत नाही, आणि उंदराला तिसऱ्या आठवड्यात 'मला पुरे झालं' म्हणून घरी जाता येत नाही. तुम्हाला येतं, कारणही न देता, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हे वाक्य संमतिपत्रात असायलाच हवं. नसेल तर विचारा.

आता दुसरी बाजू. नाहीतर मी चाचणीची दलाल वाटायला लागेन.

चाचणी तुमच्यासाठी नसते. हे ऐकायला कठोर आहे. डॉक्टर तुमचेच, खोली तीच, गळ्यात स्टेथोस्कोप तोच, म्हणून आपल्याला वाटतं की हे आपल्या भल्याचा विचार करून सुचवलेले उपचार आहेत. तुमच्यावर उपचार करताना डॉक्टर तुमच्याकडे बघून डोस कमी-जास्त करतात. चाचणीत ते आराखड्याकडे बघून चालतात, आणि चालायलाच हवं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुमच्या बहिणीला हा आजार असता तर तुम्ही काय सुचवलं असतं?' हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. चांगला डॉक्टर त्यावर थोडा वेळ घेईल आणि मग बोलेल. त्यांच्याबद्दलच्या संकोचाला बळी पडून मात्र हो म्हणू नका. 'नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील' ही भीती मी समितीत बसून जितक्या वेळा ऐकली तितकी दुसरी कुठलीच नाही.

गुण येईल म्हणूनच जायचं असेल तर आजवरचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. कोविडच्या ताज्या संसर्गात धोका असलेल्या रुग्णांना पॅक्सलोविड हे विषाणूरोधक औषध लवकर दिलं तर आजार बळावण्याचं प्रमाण खूप कमी झालं होतं. मग वाटलं, विषाणूचे अवशेष शरीरात रेंगाळत असतील तर तेच औषध जास्त दिवस दिल्याने तुमच्यासारख्यांनाही बरं वाटेल. १५५ जणांवर पंधरा दिवसांचा कोर्स देऊन बघितला. २०२४ मध्ये निकाल छापून आला, फायदा दिसला नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाबद्दलही तुमच्या कानावर आलं असेल. त्या चाचणीत वजन जास्त असलेल्या प्रौढांना संसर्गाच्या पहिल्या आठवड्यातच गोळ्या सुरू केल्या होत्या. दहा महिन्यांत दीर्घ कोविडचं निदान औषध घेतलेल्यांत ६.३ टक्क्यांना आणि प्लासिबोवाल्यांत १०.४ टक्क्यांना झालं. आशा वाटावी असाच हा निकाल आहे, पण तो आजार होण्याआधीचा आहे. अडीच वर्षांनी त्या गोळ्या मनाने सुरू करून काही साधेल असं त्यातून निघत नाही, म्हणून कृपा करून तसं करू नका. दवाखान्यातून घरी आलेल्या ५८५ जणांवर ब्रिटनमध्ये ऑनलाइन व्यायाम आणि मानसिक आधाराचा आठ आठवड्यांचा गटवर्ग घेऊन बघितला, त्यांचं जगणं थोडं सुसह्य झालं. थोडंच. शिवाय ती भरती झालेली माणसं होती, तुम्ही झाला नव्हता.

म्हणजे तुम्हाला दिलं जाणारं औषध निरुपयोगी ठरण्याची शक्यता खरी आहे. हे मनाशी धरूनही जावंसं वाटतं का? एवढा एकच प्रश्न मी तुमच्या जागी स्वतःला विचारला असता.

त्या रक्त गाळण्याच्या उपचाराचं काय, तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता पैसे भरू नका. २०२२ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने शोधपत्रकारिता करून दाखवलं होतं, की पुरेसा पुरावा नसताना हताश रुग्ण अशाच उपचारांसाठी देशोदेशी जाऊन बचत रिकामी करत होते. त्याच्याशी नातं असलेला एक उपचार म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून त्याजागी दुसरा द्रव भरणं. स्पेनमध्ये ५० रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांवर नुसतं नाटक केलं, यंत्र लावलं, बाकी काही नाही. गुणात फरक पडला नाही. शिरेत जाड नळी बसवण्याचे, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचे आणि संसर्गाचे धोके वेगळेच. त्या दवाखान्याला फोन करून एकच विचारा, 'तुमच्याकडे आलेल्यांपैकी किती जणांना गुण आला नाही, आणि ते तुम्ही कसं मोजलंत?' उत्तरात आकडा नसेल, नुसते अनुभव असतील, तर वही नाही हे तुम्हाला कळेल. आणि लक्षात ठेवा, तिथे उपचार घेतलेत तर बहुतेक चाचण्यांचं दार बराच काळ बंद होतं.

चाचणीचा निर्णय घेण्याआधी एक काम राहिलं आहे. सगळ्या तपासण्या नॉर्मल, म्हणजे 'मनाचे खेळ' असं कुणीतरी तुम्हाला सुचवलेलं दिसतं, पत्राच्या सुरातून ते कळतं. दीर्घ कोविड पकडणारी एकही रक्ततपासणी आज नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जी व्याख्या केली ती तपासणीवर नाही, लक्षणांवर आहे: साधारण संसर्गानंतर तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या आजाराने स्पष्ट न होणारी लक्षणं. शेवटचा तुकडा महत्त्वाचा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, झोपेत श्वास अडखळणं, यांतलं काही राहून गेलं नाही ना हे डॉक्टरांसोबत एकदा तपासून घ्या. आणि उभं राहिल्यावरच्या धडधडीसाठी एक साधी गोष्ट करायला सांगा. पडून घेतल्यावर नाडी मोजायची, मग उभं राहून दहा मिनिटं मधून मधून मोजायची. मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोके वाढत असतील तर त्याला नाव आहे, पॉट्स, आणि त्यावर आजही काही करता येतं. डॉक्टरांसमोरच करा, चक्कर येऊ शकते.

जास्त काम केलं की पुढचे दिवस आडवं व्हावं लागतं, हाही आळस नाही. २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तुमच्यासारख्या २५ रुग्णांचे स्नायू व्यायामाच्या आधी आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. श्रमानंतर त्यांच्या स्नायूंतली इजा आणि ऊर्जा तयार करण्यातला बिघाड वाढलेला दिसला. म्हणून 'जरा नेटाने चाला, बरं वाटेल' म्हणणाऱ्यांकडे हसून दुर्लक्ष करा. आणि याच कारणाने चाचणीतल्या फेऱ्यांचा हिशेब पैशांत नाही, तुमच्या ताकदीत मांडा. किती वेळा जावं लागेल? सकाळी उपाशीपोटी? किती तास? मध्ये झोपायला खोली मिळेल का, निम्म्या भेटी फोनवर होतील का, येण्याजाण्याची सोय कोण करेल? एका भेटीमागे तीन दिवस अंथरुणात जाणार असतील तर सहा महिन्यांत किती दिवस जातील ते कागदावर लिहा. संशोधकांना हे सांगितलं तर पुष्कळदा ते भेटी कमी करतात, विचारलं नाही तर करत नाहीत.

बाकी विचारण्याजोगं: चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचाराचा आणि भरपाईचा भार कोण उचलेल? सध्याची कुठली औषधं बंद करावी लागतील? (तुम्ही घेत असलेलं सगळं सांगा, दुकानातून आणलेली जीवनसत्त्वंही. काही विषाणूरोधक औषधं कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशीसुद्धा भांडतात.) औषध उपयोगी ठरलं तर प्लासिबोवाल्यांना नंतर ते मिळेल का? फायझरच्या लसीच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. लस घेतलेल्यांत आजारी पडले ८, प्लासिबोवाल्यांत १६२. निकाल स्पष्ट झाल्यावर प्लासिबोवाल्यांनाही लस देऊ केली गेली. सगळीकडे असं होत नाही, म्हणून आधीच विचारलेलं बरं. आणि शेवटी निकाल काय लागला ते मला कळवाल का? हा प्रश्न विचारायला लोक विसरतात आणि मग वर्षानुवर्षं मनात राहतं, की आपण घेतलं ते काय होतं.

एक छोटी सूचना, चाचणीत असा किंवा नसा. पुन्हा संसर्ग झाला तर सगळा हिशेब विस्कटतो. लस वेळेवर घ्या, बंद आणि गर्दीच्या जागी मास्क लावा. ताप-खोकला आला आणि घरच्या झटपट चाचणीत एकच रेघ उमटली तर निश्चिंत होऊ नका. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा लक्षणं असलेल्या संसर्गितांपैकी या चाचण्या साधारण ७३ टक्के पकडतात, लक्षणं नसतील तर ५५ टक्क्यांच्या आसपास. दोन दिवसांनी पुन्हा करा. उलट आरटी-पीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण ती विषाणूचे तुकडेही पकडते, मग ते मेलेले का असेनात.

तुम्ही विचारलंत 'हो की नको', म्हणून सांगते. नोंदणी क्रमांक सापडला, भेटींचा भार तुमच्या ताकदीत बसला, आणि 'औषध चाललं नाही तरी मला पश्चात्ताप होणार नाही' असं खरोखर वाटलं, तर मी हो म्हणेन. यांतलं एक जरी नसलं तर नको म्हणायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. 'पुढच्या रुग्णांसाठी' हे ओझं आजारी माणसाने डोक्यावर घ्यायलाच हवं असं मला वाटत नाही. घेतलं तर त्याचं मोल मोठं, एवढंच.

संमतिपत्र तिथल्या तिथे सही करून देऊ नका, घरी घेऊन या. तुम्ही आणि यजमान, दोघांनी ते वेगवेगळं वाचा, एकमेकांशी न बोलता, आणि जिथे अडाल तिथे पेन्सिलीने खूण करा. तुमचं लक्ष फार वेळ टिकत नाही असं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा रोज दोनच पानं वाचलीत तरी चालेल. मग दोघांच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून बघा. पुढच्या भेटीत त्यांनाही सोबत घेऊन जा आणि त्यांच्या खुणांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.